मालक बदलला की बोट बिघडते?

तेलकट_हात: "चार मालक आणि चार नावं बदललेल्या फेरीबोटीत पाय ठेवणं म्हणजे आत्महत्या," असं काल इथे 'डेकवरून' यांनी ठोकून दिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणून हे लांबण. मी अकरा वर्षं फेरीच्या इंजिनरूममध्ये काढलीत. बोटीला मालक कळत नाही हो, तिला ग्रीस कळतं. हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही ब्रिटिश फेरी जेमतेम सात वर्षांची होती, पहिल्यापासून एकाच ताफ्यातली. ६ मार्च १९८७ ला पुढचं दार उघडं ठेवूनच निघाली आणि १९३ माणसं गेली. दार लागलंय का हे दाखवणारा दिवा ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीत द्या, असं कप्तान आधीच मागत होते. ऑफिसनं त्यांची टिंगल केली. कंपनी पी अँड ओ कडे गेली ती १९८७ च्या सुरुवातीला, टिंगल त्याआधीची. नव्या मालकाचा काय दोष?

डेकवरून: एक उदाहरण सापडलं की झालं! १९८० ची व्हायकिंग सॅली, १९९० ला सिल्या स्टार, मग वासा किंग, १९९३ ला एस्टोनिया. सप्टेंबर १९९४ मध्ये ८५२ जणांसकट तळाला. २०१४ मध्ये बुडालेली दक्षिण कोरियाची सेवॉल २०१२ मध्ये जपानकडून जुनी घेतली, वर केबिनी चढवल्या, परवानगीच्या दुपटीहून जास्त माल कोंबला. तिथे तुमचं ग्रीस काय करणार होतं?

तेलकट_हात: सेवॉल मान्य. एस्टोनिया नाही. वायझरच्या, म्हणजे नाकावरच्या वर उचलल्या जाणाऱ्या झाकणाच्या कड्या बांधणीपासूनच कमजोर होत्या, चौकशी अहवालात आहे. वाचा जरा.

उधाण: वाचलाय. बोट पहिली दहा वर्षं तुर्कू-स्टॉकहोम करत होती, बराचसा प्रवास बेटांच्या आडोशानं. शेवटच्या मालकानं तिला टॅलिन-स्टॉकहोमच्या उघड्या पाण्यात घातलं. कड्या त्याच, लाटा निराळ्या. याला मालकीचा संबंध नाही म्हणायचं?

रंगाचा_डबा: मूळ घाण नाव बदलण्यात आहे. आम्ही एका फेरीला रंग मारला तेव्हा जुन्या नावाची वेल्ड केलेली अक्षरं तशीच ठेवली. घासायला पैसे नाहीत म्हणे. ऊन तिरपं आलं की दोन्ही नावं दिसायची. खलाशी तिच्यावर चढताना पुटपुटायचे.

डेकवरून: नाव बदलणं म्हणजे पाप पुसणं.

उधाण: पुसता येत नाही. आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात आकडी क्रमांक जन्मभर तोच राहतो, १९९६ पासून सक्तीचा आहे.

डेकवरून: आणि तिकिटाच्या रांगेतली बाई पोराला कडेवर घेऊन सात आकडे तपासते, होय ना?

उधाण: उपरोध नको. बोटीची तपासणी करणारा सर्व्हेअर तपासतो.

रंगाचा_डबा: सर्व्हेअरचं तर बोलूच नका. आमचा सर्व्हेअर जेवायला आला आणि सही करून गेला. हेराल्डसुद्धा भंगारात गेली ती 'फ्लशिंग रेंज' नावानं. मेलेल्यालाही टोपणनाव!

तेलकट_हात: विषय काय, चाललंय काय! नावानं बोट बुडत नाही. माझ्या दुसऱ्या बोटीवर गाड्या चढवायच्या रॅम्पचा एक व्हॉल्व्ह अडकायचा. म्हातारा फिटर त्यावर हातोडीनं दोनदा टिचकी मारायचा, सुटायचा. कंपनी विकली गेली, नव्यांनी आधी पगारपत्रक कापलं, फिटर घरी. पुढच्याच आठवड्यात रॅम्प अर्ध्यावर अडकला, गाड्या आत, माणसं आत, चार तास. मॅन्युअलमध्ये टिचकी लिहिलेली नसते.

डेकवरून: म्हणजे मालक बदलला की बोट ओळखणारी माणसं जातात. हेच मी सांगत होतो. धन्यवाद.

तेलकट_हात: तुम्ही "आत्महत्या" म्हणाला होतात. फिटरचं नावही घेतलं नव्हतं.

डेकवरून: बरं, आत्महत्या मागे घेतो. जुगार म्हणतो.

तेलकट_हात: जुगार चालेल. तोही फिटरला घरी पाठवलं असेल तरच.

रंगाचा_डबा: पण ती अक्षरं घासायची की नाही, ते कुणी सांगेल का?