वरच्या मजल्यावर कोण राहतं?

मी: दोन घरांवर येऊन गाडी अडलीय. पहिलं जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. शाळा, दवाखाना, बाजार सगळं चालत जाण्यासारखं, ऑफिस 15 मिनिटांवर. पण बाथरूमच्या छताला ओल आहे आणि किचनमध्ये एका वेळी एकच माणूस मावतं. दुसरं नवंकोरं, एक खोली जास्त, उजेड भरपूर. तिथून ऑफिस 50 मिनिटं आणि आसपास सगळं अजून ‘होणार आहे’. किंमत साधारण सारखीच. बोला.

दादा: दुसरं घे, डोळे झाकून. जुन्या घरात पैसे ओतत बसशील.

मावशी: पहिलं. घर हवं तसं करून घेता येतं, वस्ती नाही.

वहिनी: मावशी, सगळे हेच म्हणतात. पण दिवसभर घरातून काम करणाऱ्या माणसाला विचारा. अंधाऱ्या खोलीत ट्यूबलाइट लावून बसायचं असेल तर खाली बाजार असून काय करायचंय? उजेड काही नंतर करून घेता येत नाही.

मी: समोरच्या खोलीत ऊन येतं गं. मागे अंधार आहे.

बाबा: मिनिटांचा हिशेब मांडा. जाऊन-येऊन रोज 70 मिनिटं जास्त. वर्षाचे 250 दिवस कामाचे धरले तर 290 तासांच्या वर. म्हणजे बारा दिवस, रात्रीसकट. जास्तीच्या खोलीत बसायला वेळ कधी मिळणार?

दादा: प्रवासाची सवय होते, बाबा.

बाबा: नाही होत रे. फ्राय आणि स्टुट्झर या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली होती, 2008 मध्ये निबंध आला. लांबच्या प्रवासाची भरपाई चांगल्या घरातून किंवा पगारातून व्हायला हवी असं अर्थशास्त्र म्हणतं. प्रत्यक्षात लांबून येणारी माणसं समाधानात मागेच निघाली.

दादा: रिटायर माणसाशी वाद घालू नये 🙏

मावशी: आणि पोराचं बघा. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलंय की 13 वर्षांच्या आत चांगल्या वस्तीत गेलेली मुलं पंचविशीत साधारण 31 टक्के जास्त कमावत होती.

बाबा: ती कुटुंबं अत्यंत गरीब वस्तीतून बाहेर पडली होती. हिच्या दोन्ही जागा बऱ्या आहेत. तो आकडा इथे नको लावूस.

काका: उशिरा वाचतोय. ओलीचा फोटो टाक आधी.

मी: 📷

काका: हा पांढरा थर म्हणजे लोणा. पाणी झिरपताना आतले क्षार बाहेर आणतं, म्हणजे गळती कालची नाही. त्याच्याजवळ सरळ रेषेत तपकिरी डाग आहे का? असेल तर आतली सळई गंजतेय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. प्लास्टरवरच्या केसासारख्या भेगांना घाबरू नकोस. पण कॉलमला किंवा बीमला तिरका तडा दिसला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय सही करायची नाही.

मी: तपकिरी काही नाही. पण कपाटामागचा एक कोपरा ताजा रंगवलाय, बाकी भिंत जुन्याच रंगाची.

काका: तिथे हात लावून बघ, गार लागतंय का. कपाट सरकवायला सांगायची लाज वाटून घेऊ नकोस. आता मुद्द्याचं. हे पाणी बहुतेक वरच्यांच्या बाथरूममधून येतंय. तुझ्या छताला खालून काहीही फासलंस तरी ते थांबणार नाही, वरची फरशी उखडावी लागेल. म्हणजे तुझ्या घराची दुरुस्ती दुसऱ्याच्या घरात. म्हणून घर आणि परिसर असे दोन रकाने करूच नका. प्रत्येक खोटीपुढे लिही, ही काढायला कुणाचा होकार लागतो. वायरिंग, ओटा, नळ यांना तुझ्या एकटीचा, तेवढे पैसे किमतीतून कमी करून माग. गळती, गच्ची, ड्रेनेज लाइन यांना वरच्यांचा नाहीतर सोसायटीचा. ते दिसायला घराचं दुखणं, पण मुळात शेजाराचं. आणि अंतर, रस्त्याचा आवाज, मागचा अंधार हे कुणाच्याच हातात नाही. तिथे घासाघीस नको, चालेल की नाही तेवढं ठरव.

दादा: मग नव्यात वरच्यांची कटकटच नाही.

काका: नव्यात वर कोण येणार हेच माहीत नाही. आणि त्या इमारतीने अजून पावसाळा पाहिलेला नाही.

वहिनी: ‘होणार आहे’ला शून्य मार्क द्या. शाळा झाली तेव्हा झाली.

दादा: ठीक. पण नव्या इमारतीत लिफ्ट आहे. जुन्यात?

मी: नाही.

दादा: आईचे गुडघे बघितलेत का कुणी?

आई: मी चढते. हळू चढते.

वहिनी: आज चढाल हो आई. दहा वर्षांनी?

काका: हा खरा आडवा येणारा मुद्दा. लिफ्ट नंतर बसवता येते, पण जिन्यालगत जागा हवी, सगळ्यांची तयारी हवी. खालच्या मजल्यावरचे पैसे द्यायला सहसा नाखूष असतात, मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

मी: उद्या संध्याकाळी परत जाते. वरच्यांची बेल वाजवते. काय विचारू?

काका: बाथरूमची फरशी शेवटची कधी काढली होती ते. चिडले तरी उत्तर मिळालंच समज. मग सेक्रेटरींना भेट. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी झालं आणि वर्गणी किती जणांनी वेळेवर भरली ते विचार.

मावशी: आणि रात्री दहाला खाली थोडा वेळ उभी राहा. दुपारी सगळ्याच गल्ल्या शांत असतात.

दादा: सेक्रेटरींना लिफ्टचंही विचार. जिन्याजवळच्या जागेचा फोटो काढून टाक इथे.