सोसायटीची साइट परत झोपली

बी-२०४ : साइट परत बंद. पंप किती वाजता सोडणार, कोणी सांगेल का? भांडी तशीच पडलीत.

बी-२०४ : आणि "वहिनी, रिफ्रेश करून बघा" असं कृपया कोणी लिहू नका.

ए-५०३ : वहिनी, साइट ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच चालते आणि तो आत्ता विंडोजमध्ये आहे. हिशेबनीस काका बिलं काढतायत. ते गेले की उबुंटू लावतो, मग दिसेल. पंप ७ ला.

सी-१०१ काका : चोवीस तास कॉम्प्युटर चालू. वीज कोणाच्या मीटरवर? मे महिन्यातही विचारलं होतं.

ए-४०२ : विंडोज चालू असताना साइट का नाही चालत? मशीन तेच ना?

ए-५०३ : मशीन तेच, पण ड्युअल बूट आहे. दोन सिस्टिम, एका वेळी एकच चालते. बिलांचं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये, साइट दाखवणारं सॉफ्टवेअर, एनजिनएक्स, उबुंटूत.

बी-६०२ : म्हणजे स्टिल्ट पार्किंगमधली १२ नंबरची जागा 😂

बी-४०३ : १२ नंबरचा विषय इथे काढायचं कारण? जागा माझ्या नावावर आहे. एजीएमच्या मिनिट्समध्ये आहे. वाचता येत असेल तर वाचा.

सेक्रेटरी : कृपया विषयाला धरून बोलावे 🙏

ए-४०२ : विषयाला धरूनच विचारतो. पैसे भरले ११ वाजता, पावतीवर पहाटे ५:३०. हिशेबनीस ब्रह्ममुहूर्तावर बसतात का?

ए-५०३ : ते पण ड्युअल बूटमुळेच. उबुंटू मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, विंडोज तीच आपली वेळ धरतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत मागेच दाखवतं. एका कमांडचं काम आहे, आज करतो.

बी-४०३ : म्हणजे मला लेट फी लागली ती यामुळेच?

ए-५०३ : नाही दादा. घड्याळ मागे जातं, पुढे नाही.

सी-१०१ काका : विजेचं उत्तर आलं नाही.

ए-५०३ : काका, ६० वॉट धरा. दिवसाला १.४४ युनिट, महिन्याला ४३च्या आसपास.

सी-१०१ काका : ४३!! आणि लॉबीतला पंखा बंद करा म्हणून मलाच सांगतात. मी १५ वर्षं फळ्यावर खडूने वेळ लिहिली. शून्य युनिट.

बी-२०४ : फळा तुमच्याच दारासमोर आहे काका. तुम्हाला सोयीचा असणारच.

ए-४०२ : कॉम्प्युटर सुरू झाला की आपोआप उबुंटूच येईल असं नाही का करता येत?

ए-५०३ : तसंच आहे. सुरू होताना कुठली सिस्टिम हवी ते विचारणारी ग्रबची यादी येते, तिच्यात उबुंटू पहिलं आहे, १० सेकंदांत स्वतःच सुरू होतं. पण हिशेबनीस काका रिस्टार्ट करत नाहीत, शटडाउन करून निघून जातात. सांगून दमलो.

सेक्रेटरी : त्यांना काही बोलू नका. एवढ्या पैशांत दुसरे मिळणार नाहीत.

बी-२०४ : आमचे हे ठाणे स्लोमधून बघतात तेव्हा तर कधीच उघडत नाही.

ए-५०३ : बाहेरून नाहीच उघडणार वहिनी, फक्त बिल्डिंगच्या वायफायवर. आपल्या राउटरला १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला पत्ता मिळालाय, म्हणजे सीजीनॅट. इंटरनेट कंपनीचा एक सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो. राउटरमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट, म्हणजे साइटची दारं, फॉरवर्ड करून उपयोग नाही, बाहेरचा माणूस राउटरपर्यंत पोचतच नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त आपला कायमचा पत्ता विकत घ्या, नाहीतर टनेल, म्हणजे आतून बाहेर जोडलेली वाट लावू.

ए-३०१ : अजिबात नको. पार्किंगच्या यादीत सगळ्यांचे मोबाईल नंबर आहेत. बाहेर उघडलं की पासवर्ड ठोकून बघणारे बॉट्स लगेच येतात. आमच्या ऑफिसात रोज बघतो. पासवर्ड काय ठेवलाय?

ए-५०३ : पर्सनलवर बोलू.

बी-६०२ : सोसायटीचं नाव आणि पुढे १२३ 😂

ए-५०३ : 🙏

सी-१०१ काका : ४३ युनिटचा ठराव कुठल्या मीटिंगमध्ये झाला?

ए-५०३ : काका, हे ड्युअल बूटवर चालणारच नाही. सर्व्हरला स्वतःचं मशीन हवं, तिथे दुसऱ्या कोणी बसायचं नाही. जुना लॅपटॉपही पुरतो. १५ वॉटमध्ये भागेल. बॅटरी धड असेल तर लाइट गेली तरी तो चालू राहतो.

सी-१०१ काका : १५ वॉटचे किती?

ए-५०३ : महिन्याला ११ युनिट.

सी-१०१ काका : हं.

बी-४०३ : जुना लॅपटॉप माझ्याकडे आहे. देतो. पण १२ नंबरचा विषय परत निघता कामा नये.

सेक्रेटरी : मनःपूर्वक धन्यवाद! रविवारच्या मीटिंगमध्ये आभाराचा ठराव घेऊ 💐

बी-४०३ : बॅटरी गेलीये त्याची. आणि चार्जर मिळणार नाही, मुलीच्या लॅपटॉपला तोच लागतो.

ए-५०३ : मग चालणार कशावर दादा?

सी-१०१ काका : शून्य युनिट 👍