अमेरिकन लोक फार ताकदवान!

लढाईतून परतलेल्या कमर्शियल आर्टिस्टबद्दल बोलायचं, तर आर्थर शिलस्टोनची आठवण काढायलाच हवी. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकेच्या 'घोस्ट आर्मी'तला हा गडी. १९४४ साली उभ्या राहिलेल्या या सुमारे ११०० जणांच्या तुकडीचं काम एकच, जर्मनांना गंडवायचं. त्यासाठी हवा भरून फुगवायचे रबरी टँक, लाउडस्पीकरवर रणगाड्यांची घरघर, खोटे वायरलेस संदेश. छद्मावरण (कॅमोफ्लाज) करणाऱ्या बटालियनमधली बरीच पोरं थेट आर्ट स्कूलमधून उचललेली. (सैन्यभरतीत चित्रकाराला कोणी हाक मारून बोलावतंय हे ऐकूनच मला मौज वाटते.)

फ्रान्समध्ये शिलस्टोन पहाऱ्यावर असताना दोन फ्रेंच सायकलस्वार चुकून आत शिरले. बघतात तर चार सैनिक अख्खा शर्मन टँक उचलून फिरवतायत! त्यांचे आ वासलेले चेहरे पाहून हा शांतपणे म्हणाला, "अमेरिकन लोक फार ताकदवान असतात." पुढे त्यानं या प्रसंगाचं चित्रही काढलं.

युद्धानंतर तो इलस्ट्रेटर झाला. 'लाइफ', 'स्मिथसोनियन'सारख्या मासिकांसाठी आणि नासासाठीही चित्रं काढली. नव्वदी पार करून गेला.

गुपित मात्र १९९६पर्यंत सरकारी कुलपात. तुकडीला मिळालेल्या काँग्रेशनल गोल्ड मेडलचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या सुवर्णपदकाचा, सोहळा झाला मार्च २०२४मध्ये. तेव्हा हयात होते सातच जण, आणि तिथे पोचले तिघे. त्यातले सेमूर नुसेनबाम शंभरीचे. युद्धानंतर त्यांनी पोट भरलं ते पॅकेजिंग डिझाइनवर, म्हणजे खोकी सजवून.