वेग कमी ठेवा, बाकी कल्पना झकास

वापरलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी त्यांच्या तोंडाची कडा साफ करणारं चॅम्फरचं पातं हातात फिरवण्याऐवजी ड्रिल प्रेसला (उभ्या ड्रिल यंत्राला) लावायचं, अशी सूचना इथे एकाने केली आहे; ती मनगटाला फार सुखाची आहे. फक्त वेग सांभाळा. मी इथे टेक्सासात हाच उद्योग करून .308 या रायफलच्या काडतुसाच्या मूठभर पुंगळ्या भंगारात घातल्या. 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्ताचं हे पितळ मऊ असतं. वेगात पातं क्षणात आत घुसतं आणि तोंडाची कडा ब्लेडसारखी पातळ होते. आपल्याला फक्त बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत कड) काढायची असते, धार लावायची नसते!

आता मी चार्जिंगचा संथ स्क्रूड्रायव्हर वापरतो. या कामाच्या बऱ्याच टोकांना 8-32 या अमेरिकी मापाचे आटे असतात, म्हणून त्याच मापाचा बोल्ट घेऊन डोकं कापलं आणि चकमध्ये धरला. खर्च जवळपास शून्य. पातं हलकंच टेकवून दोन-तीन फेरे, बस.

आणखी एक. लांबी कापायची ती साइझिंग (पुंगळी डाय नावाच्या साच्यात दाबून पुन्हा मापात आणणं) झाल्यावरच, कारण डायमधून जाताना पुंगळी लांबते. .308 ची कमाल लांबी 2.015 इंच, मी 2.005 वर आणतो. लष्करी पुंगळ्यांच्या तळाशी प्रायमर (बार पेटवणारी छोटी टोपी) बसतो, त्या खोबणीची दाबलेली कडा मात्र मी अजून हातानेच रीमरने (भोकाची कड खरवडणाऱ्या हत्याराने) काढतो. तिथे जास्त कापलं गेलं तर प्रायमर सैल बसतो आणि पुंगळी बाद. तेवढ्यासाठी मोटर नकोच.