शब्दचर्चा : कार्बोरेटर ‘गोठतो’ की त्याला बर्फ ‘धरतो’?

प्रश्न, मँचेस्टरहून :
नमस्कार मंडळी. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मोटारसायकलवर लेख लिहितोय आणि एका शब्दावर अडलोय.

झालं असं. माझी गाडी जुनी, दोन सिलिंडरची, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग). नोव्हेंबरातल्या एका सकाळी एम-62 वरून लीड्सला निघालो होतो. हा रस्ता पेनाइन डोंगर ओलांडतो, माथ्यावर उंची 372 मीटर. इंग्लंडात याहून उंच मोटरवे नाही. धुकं, बारीक भुरभुर, पारा 6 अंशांवर. अर्धा तास एका वेगात छान चाललेली गाडी एकाएकी मिसिंग करायला लागली. थ्रॉटल सोडला की इंजिन बंद. कडेला घेतली. हातमोजे काढले, प्लगपाना शोधला, यात सात-आठ मिनिटं गेली. म्हटलं उघडण्याआधी एकदा बटण दाबून बघू, तर काही झालंच नव्हतं अशा थाटात सुरू! दहा मैलांवर पुन्हा तेच.

इंग्रजीत याला ‘कार्ब आयसिंग’ म्हणतात. मी लिहिलं, ‘कार्बोरेटर गोठला’. बायकोने वाचून विचारलं, “6 अंशांवर काय गोठतंय? गोठणबिंदू शून्य ना?” तिला उत्तर देता येतं, पण शब्द चुकल्यासारखा वाटतोय. काय म्हणावं?

साताऱ्याहून :
दादा, गॅरेजमध्ये तीस वर्षं काढली. आमच्याकडे याला शब्द नाही, कारण हा आजारच नाही. गिऱ्हाईक म्हणतं ‘गाडी गारठलीय’, त्याचा अर्थ सकाळी किका मारून पाय भरून आले. चोक ओढला की भागतं. तुमचं उलटंच, गरम झालेली गाडी चालता चालता बंद. अशी गाडी माझ्याकडे आली असती तर मी डोळे झाकून ‘कचरा आलाय’ म्हणालो असतो. वाटी उघडली असती, जेट फुंकले असते आणि गाडी सुरू झाल्यावर पैसे घेतले असते. ती तेवढ्या वेळात आपली आपणच सुरू होणार होती, हे आज कळलं!

पुण्याहून :
‘गोठला’च बरोबर आहे. लडाखला आमचं पेट्रोल गोठलं होतं, त्यामुळे अनुभवाने सांगतो.

साताऱ्याहून :
पेट्रोल उणे चाळीसलाही गोठत नाही हो. तिथे हवा विरळ, त्यामुळे मिक्स्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, आणि गाडी दम टाकते. थंडीने अडतं ते डिझेल. त्यातलं मेण बाहेर पडतं आणि फिल्टर चोंदतो. म्हणून तिकडे ट्रकवाले टाकीखाली जाळ करतात.

नाशिकहून :
मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. साताऱ्याच्या दादांनी नकळत चांगला धागा दिला. मराठीत पाणी गोठतं, तूप आणि खोबरेल थिजतं, रक्त साकळतं. मेण बाहेर पडून घट्ट होणारं डिझेलही खरं तर थिजतंच. या सगळ्या क्रियापदांत एक गोष्ट समान आहे : जे आधीपासून तिथे होतं, तेच घट्ट झालं. ‘कार्बोरेटर गोठला’ म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार, आतलं पेट्रोल गोठलं किंवा पेट्रोलात पाणी होतं ते गोठलं. इथे दोन्ही झालेलं नाही.

हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं ना, तेच इथे चालतं. पेट्रोलचं बाष्पीभवन होताना अप्रकट उष्मा लागतो, तो आजूबाजूच्या हवेतून आणि धातूतून घेतला जातो. शिवाय अरुंद वाटेतून हवा जोरात जाते, तिचा दाब घटतो, त्यानेही ती गार होते. दोन्ही मिळून तापमान वीसेक अंशांनीही उतरू शकतं. म्हणजे बाहेर 6 असले तरी आत शून्याच्या बरंच खाली. मग धुक्यातून ओढलेल्या हवेतली वाफ थ्रॉटलच्या, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेच्या, कडेवर बर्फ होऊन बसते. पाणी आलं ते हवेतून! म्हणूनच कोरड्या कडाक्यापेक्षा ओलसर, साधारण थंडी जास्त नडते. छोट्या विमानांच्या वैमानिकांना तर दमट हवेत बाहेर 20 अंशांच्या वर असतानाही याची धास्ती असते. त्यांच्याकडे कार्बोरेटरला गरम हवा देणारा खटका असतो तो त्यासाठीच.

सुनबाईंना सांगा, प्रश्न अगदी नेमका होता.

रत्नागिरीहून :
बाई, मग हे आमच्या जुन्या फ्रीजसारखं झालं. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे महिन्याभरात फ्रीजरला चार बोटं बर्फ धरायचा. ‘फ्रीजर गोठला’ असं आमच्या घरात कोणी कधी म्हटलं नाही. लोणच्याला बुरशी धरते, दुधावर साय धरते, भिंतीला ओल धरते, लोखंडाला गंज धरतो. तसा कार्बोरेटरला बर्फ धरला. सरळ आहे की.

नाशिकहून :
वा! शोधत होते ते हेच. ‘धरणे’त बाहेरून येऊन हळूहळू थर चढणं आहे. बर्फ कुठून आला ते क्रियापदच सांगतं.

औरंगाबादहून :
‘हिमनिक्षेप’ कसा वाटतो? वाफेचं थेट घनरूप होणं म्हणजे निक्षेपण, तेव्हा शास्त्रालाही धरून आहे.

साताऱ्याहून :
गिऱ्हाइकाला ‘तुमच्या गाडीला हिमनिक्षेप झालाय’ म्हटलं तर ते थेट डॉक्टरकडे जाईल.

नागपूरहून :
आजीच्या तोंडचा ‘दहिवर’ चालेल का?

नाशिकहून :
गोड शब्द आहे, पण दहिवर म्हणजे दव. ते थेंबच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी कडक थंडीत बातम्या येतात त्याही ‘दवबिंदू गोठले’ अशा. तिथे ‘गोठले’ चोख आहे, कारण थेंब आधी पडलेले असतात.

कोल्हापूरहून :
मी जरा वेगळं सुचवतो. हवेची ती अरुंद वाट म्हणजे गाडीचा घसा. गारठ्यात आपला घसा धरतो, तसा गाडीचा धरला. ‘धरणे’ इथेही आलंच. कंबर धरते, पाय धरतात, म्हणजे अडकणं. बर्फ धरला म्हणून घसा धरला!

नाशिकहून :
लेखाच्या मथळ्याला झकास. उपाय सांगताना मात्र ‘बर्फ धरणे’च ठेवा, नाहीतर कोणी हळदीचं दूध ओतायचं.

साताऱ्याहून :
आपल्याकडे हे का दिसत नाही त्याचंही कारण सांगतो. आपल्या शंभर सीसीच्या गाडीत कार्बोरेटर तापलेल्या सिलिंडरच्या पाठीशी बसतो, आणि आपली हवाही मुळात उबदार. आता तर 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 हे धुराचे कडक नियम आले आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटरच गेला. त्याच्या जागी आलेल्या इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट इनलेट व्हॉल्व्हजवळ फवारतात. तिथे उष्णता भरपूर, बर्फ धरणार कशाला?

दादा, तुमच्या गाडीला हीटर नाही का?

मँचेस्टरहून :
सगळ्यांचे आभार. नाही, हीटर नव्हता. इकडे काही गाड्यांत कार्बोरेटरला छोटे विजेवरचे हीटर असतात, काहींत इंजिनाचं गरम कूलंट नळीने फिरवतात. मी सध्या पेट्रोलात घालायचं बर्फरोधक द्रव वापरतोय, आणि धुक्यात एक गिअर खाली ठेवून इंजिन थोडं जास्त फिरवतो म्हणजे थ्रॉटल अगदी मिटलेला राहत नाही. थांबावं लागलंच तर आता प्लग उघडत नाही. इंजिनाची धग मागे पोचेपर्यंत थर्मासमधला चहा पितो.

वाक्य असं केलं : ‘माथ्यावरच्या धुक्यात कार्बोरेटरला बर्फ धरला आणि गाडीचा घसा बसला, चहा संपेपर्यंत बर्फ सुटला.’

रत्नागिरीहून :
‘घसा बसला’ मस्त. पण ‘सुटला’ नको. वारा सुटतो तेव्हा तो सुरू होतो. बर्फही सुरू झाला असं वाटेल.

मँचेस्टरहून :
मग ‘उतरला’? गंज उतरतो, तापही उतरतो.

साताऱ्याहून :
‘वितळला’ म्हणा की सरळ. चहा कुठला होता ते सांगा.