मदत हवी आहे: .५० कॅलिबरच्या ठासणीच्या बंदुकीतून एल्कसाठी गोल गोळी की कॉनिकल?

नमस्कार.

ठासणीच्या बंदुकीने मी काही वर्षे हरणांची शिकार करीत आलो आहे. यंदा प्रथमच अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, ठासणीच्या बंदुकांसाठी राखलेल्या हंगामात एल्कचा (सांबरासारख्या थोराड जनावराचा) परवाना मिळाला आहे. त्या हंगामात एल्कसाठी किमान .५० कॅलिबर (म्हणजे नळीचा व्यास अर्धा इंच) लागते आणि प्लास्टिकच्या सॅबोत, म्हणजे गोळीभोवतीच्या आवरणात, बसवलेल्या गोळ्या चालत नाहीत. त्यामुळे माझ्यापुढे दोनच मार्ग उरतात : चिंधीत गुंडाळून ठासायची शिशाची गोल गोळी, किंवा थेट नळीत बसणारी लांबट कॉनिकल गोळी. बंदूक .५० कॅलिबरची आहे, नळीतील आट्यांचा (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचांचा) पीळ ४८ इंचांत एक फेरा असा आहे, नेम धरायची दृष्टी (साइट) साधी उघडी आहे आणि मी आजवर ९० ग्रेन (ग्रेन हे वजनाचे लहान माप) काळ्या दारूवर .४९० इंच व्यासाची गोल गोळी वापरत आलो आहे.

निर्णय अवघड होण्याचे कारण मागील हंगामात घडलेला एक प्रसंग आहे. सुमारे ८० यार्डांवरून एका हरणावर मी गोळी झाडली. नेम थोडा पुढे गेला, गोळी खांद्याच्या हाडावर बसून चपटी झाली आणि पलीकडे निघालीच नाही. बाहेर पडण्याची जखम नसल्याने रक्ताचा माग अगदी विरळ होता आणि ते जनावर मला दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. ती रात्र त्याने कशी काढली असेल हा विचार अजून मनातून जात नाही. एल्कचा पूर्ण वाढलेला नर ३०० किलोच्या घरात असतो, त्याचे हाड आणि स्नायू हरणापेक्षा कितीतरी जाड असतात. तेथे हीच चूक परत होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

.४९० ची गोल गोळी साधारण १७७ ग्रेन भरते. नळीच्या तोंडाशी तिचा वेग चांगला असला तरी गोल आकारामुळे हवा तिला फार लवकर रोखते आणि १०० यार्डांवर तिची ऊर्जा सुरुवातीच्या साधारण एक तृतीयांश उरते. कॉनिकलचे वजन याच्या दुप्पट असते, म्हणून माझा कल तिकडे आहे. परंतु ४८ इंचांचा पीळ तिला पुरेसा स्थिर करील का, अशी शंका वाटते. बाजारात ४६० ग्रेनपर्यंतच्या गोळ्या दिसतात. वजन जितके जास्त तितके चांगले असे समजावे काय?

प्रतिसाद

नमस्कार. आपण प्रसंग मोकळेपणाने मांडलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. माझ्या मते एल्कसाठी कॉनिकलच घ्यावी, मात्र ४६० ग्रेनची घेऊ नये.

गोळी स्थिर राहण्यासाठी किती पीळ लागतो हे तिच्या वजनावर नव्हे, तर लांबीवर ठरते. आल्फ्रेड ग्रीनहिल यांनी १८७९ साली यासाठी जे सूत्र दिले, ते शिशाच्या गोळ्यांना आजही उपयोगी पडते : व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे, म्हणजे पिळाचे इंच मिळतात. .५० कॅलिबरसाठी हा गुणाकार ३७.५ येतो. त्याला आपल्या ४८ ने भागल्यास लांबी ०.७८ इंच निघते. म्हणजे पाऊण इंचाच्या आसपासची, ३२० ते ३५० ग्रेनची आखूड कॉनिकल आपल्या नळीला मानवेल, आणि एक इंचाहून लांब गोळी डोलत जाऊन निशाण्याच्या कागदावर आडवे भोक पाडू लागण्याची शक्यता आहे. गोल गोळीला ७० इंचांहून मंद पीळही पुरतो. ४८ इंचांचा पीळ हा या दोन्हींच्या मधली तडजोड आहे.

गोल गोळीने एल्क पडत नाही असे मुळीच नाही, पण त्यासाठी नळी मोठी हवी. गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते; .४९० ऐवजी .५३० ची गोळी घेतली की व्यास जेमतेम ८ टक्के वाढतो आणि वजन १७७ वरून २२४ ग्रेनवर जाते. आपल्या .५० मध्ये ही वाट बंद आहे.

शिसे शुद्ध, मऊ असावे. दारू पेटल्यावर मऊ गोळीचा बूड किंचित फुगून आट्यांत घट्ट बसतो. कडक मिश्रधातूत तसे होत नाही, वायू बाजूने निसटतो आणि नेम विखुरतो. जड गोळीमुळे नळीतील दाबही वाढतो, म्हणून ९० ग्रेन दारूवरून सुरुवात करू नका. ६० किंवा ७० पासून हळूहळू वर जा आणि बंदुकीच्या पुस्तिकेतील कमाल मर्यादा ओलांडू नका.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्या, कारण ती जीवावर बेतू शकते. चिंधी नसल्याने कॉनिकल नळीत तितकी आवळून बसत नाही आणि बंदुकीचे तोंड खाली ठेवून दिवसभर चालल्यास ती दारूपासून पुढे सरकू शकते. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुटण्याचा धोका असतो. ठासून झाल्यावर ठासणीच्या गजावर, नळीच्या तोंडाशी येईल तेथे, खूण करून ठेवा आणि नेम धरण्याची वेळ येण्यापूर्वी अधूनमधून ती पडताळून पाहा.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. लांबीचा हिशेब माझ्या ध्यानातच आला नव्हता. मी केवळ वजन पाहत होतो. ३५० ग्रेनच्या गोळ्या मागवून प्रथम त्यांची लांबी मोजतो. आणखी एक विचारायचे आहे : स्वच्छ नळीतून सुटलेली पहिली गोळी आणि काजळी धरलेल्या नळीतून सुटलेली दुसरी गोळी यांच्या नेमात फरक पडतो. दृष्टी कोणत्या गोळीवर जुळवावी?

प्रतिसाद

पहिल्या गोळीवर. एल्कवर बहुधा तीच एक गोळी झाडायला मिळते. सरावातही प्रत्येक वेळी नळी पुसून, एकच गोळी झाडून नोंद ठेवा. अशा दहा गोळ्या ज्या अंतरापर्यंत ताटाएवढ्या वर्तुळात बसतील तेच आपले शिकारीचे अंतर धरा, मग ते ७० यार्ड निघाले तरी चालेल. आणि जनावर पूर्ण आडवे उभे राहीपर्यंत थांबा.