जुन्या फोटोंच्या म्युझियममध्ये नेमकं बघायचं काय?

अर्धीफ्रेम:
लवकरच एका म्युझियममधलं फोटोग्राफीच्या इतिहासाचं कलेक्शन बघायला जायचंय, पण खरं सांगते, आधी असंच एक पाहिलं होतं तेव्हा कंटाळा आला. सगळीकडे मिणमिणता उजेड, काचेखाली छोट्या छोट्या प्लेटा आणि त्यात फोटोतल्या माणसापेक्षा माझंच तोंड जास्त दिसत होतं. आणि पुढे लाकडी कॅमेऱ्यांच्या रांगा, सगळे एकसारखेच. आता तर सगळं स्कॅन करून ऑनलाइन टाकतात, मग तिथे जाऊन वेगळं काय दिसणार? जाणकारांनी सांगा.

पाऱ्याचीवाफ:
तोंड दिसलं म्हणजे ते डॅगेरोटाइप असणार. तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा, तो घासून घासून आरशासारखा करायचा, आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून एक्सपोज करायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरला की चित्र उमटतं. १८३९ साली पॅरिसमध्ये ही रीत जाहीर केली तेव्हा लोक वेडे झाले होते. आता गंमत अशी की चित्रातला उजळ भाग पांढुरक्या कणांचा असतो आणि काळा भाग म्हणजे नुसती चकचकीत चांदी, त्यामुळे चांदीत काहीतरी काळं प्रतिबिंब पडलं तरच फोटो नीट दिसतो, समोर पांढरी भिंत आली की तोच फोटो निगेटिव्ह होतो. म्हणून गडद कपडे घालून जा आणि काचेसमोर थोडं इकडेतिकडे सरकून बघ, चेहरा एकदम वर येतो. हे स्कॅनमध्ये कसं दिसणार? शिवाय निगेटिव्ह नसतंच, तो पत्रा एकमेव. कोटाची बटणं पण बघ, बऱ्याचदा उलट्या बाजूला असतात.

हायपोवाला:
स्कॅनवर फार विश्वास नको. निएप्स या फ्रेंच संशोधकाचा तो खिडकीतून काढलेला फोटो, १८२६-२७ च्या सुमाराचा, कॅमेऱ्याने काढलेला टिकून राहिलेला सगळ्यात जुना, सगळ्यांनी पाहिलाय ना? पुस्तकांत छापतात ती ठिपक्याठिपक्यांची कॉपी १९५२ सालची, आणि फोटोग्राफीचा इतिहासकार हेल्मुट गर्नशाइमने तिच्यावर स्वतः जलरंगाने हात फिरवलाय. मूळ चीज म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूचा पत्रा, त्यावर डांबराचा थर, अमेरिकेत ऑस्टिनच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये ठेवलाय. समोरून बघितलं तर जवळपास कोरा, तिरकं बघितल्यावर छपरं दिसायला लागतात.

मिणमिणत्या उजेडाबद्दल म्हणशील तर त्याला इलाज नाही, जुने कागदी प्रिंट उजेडाने फिके पडतात म्हणून दिवे साधारण ५० लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात. आत गेल्यावर दोन मिनिटं थांब, डोळे सरावतात.

भिंगधारी:
थोडं उलट बोलतो. कागदी निगेटिव्ह असेल तर स्कॅन झूम करून बघण्यातच मजा आहे. टॅल्बट या इंग्रज संशोधकाचं १८३५ चं खिडकीचं निगेटिव्ह जेमतेम टपाल तिकिटाएवढं, त्याने शेजारी लिहून ठेवलंय की नवीन होतं तेव्हा भिंगातून काचेचे २०० च्या आसपास चौकोन मोजता येत होते. आता साध्या डोळ्यांनी काय मोजणार, डोंबल!

कॅमेऱ्यांच्या रांगेत मात्र १८८८ चा पहिला कोडॅक शोध. साधी पेटी, व्ह्यूफाइंडरच नाही, वर नेम धरायला नुसत्या रेघा. आत १०० फोटोंचा रोल, संपला की अख्खा कॅमेराच कंपनीला पाठवायचा, ते फोटो काढून देणार आणि नवीन रोल भरून परत पाठवणार. फोटो पण गोल यायचे.

अर्धीफ्रेम:
अरे वा, कपड्यांचं कोणी सांगितलंच नव्हतं! वेट प्लेट वगैरे पण असतं का तिकडे?

हायपोवाला:
बहुतेक असतंच. १८५१ नंतरचं सेक्शन. रसायन लावलेली काचेची प्लेट ओली असतानाच एक्सपोज आणि डेव्हलप करायची, वाळली की संपलं, म्हणून बाहेर फोटो काढायला जाताना अख्खी डार्करूम तंबूसकट बरोबर न्यायची. असा तंबू ठेवला असेल तर कॅमेऱ्यांच्या आधी तो बघ. काचेच्या कडेला बोटांचे ठसे, द्रावणाचे ओघळ दिसतात, छापताना ते कापून टाकायचे.

पाऱ्याचीवाफ:
आणि लेबल वाच गं, नाजूक वस्तूंच्या जागी कधीकधी प्रतिकृती ठेवलेली असते. मूळ वस्तू अपॉइंटमेंट घेऊन स्टडी रूममध्ये दाखवतात का ते आधी ईमेल करून विचार.